मॅगीचा भाऊ

१८८० सालच्या मे महिन्यात इंग्लंडातल्या वॉरविकशायर परगण्यातील एका जमीनदारीच्या कारभाऱ्याने आपल्या साठ वर्षांच्या बहिणीला एक छोटेसे पत्र लिहिले. बहिणीचे नुकतेच लग्न झाले होते आणि भाऊ अभिनंदन करत होता. पत्रात वावगे काही नव्हते आणि मोठे असेही काही नव्हते. फक्त तेवीस वर्षांत त्याने तिला लिहिलेले हे पहिले पत्र होते.

या तेवीस वर्षांत ती बहीण इंग्लंडातली सर्वांत मोठी हयात कादंबरीकार म्हणून मान्यता पावली होती. खुद्द व्हिक्टोरिया राणीने तिच्या पहिल्या कादंबरीतले प्रसंग चित्रकाराकडून रंगवून घेतले होते. रविवारी दुपारी तिच्या दिवाणखान्यात ब्राउनिंग, तुर्गेनेव्ह, तरुण हेन्री जेम्स अशी माणसे येऊन बसत. जग तिला जॉर्ज इलियट म्हणून ओळखत होते. भावाच्या लेखी मात्र ती मेरी ॲन इव्हान्स होती आणि १८५७ सालापासून तीही नव्हती.

हा भाऊ, आयझॅक इव्हान्स, माझ्या फार जुन्या ओळखीचा. पण त्याचे खरे नाव मला पुष्कळ उशिरा कळले. मी त्याला टॉम टलिव्हर म्हणून ओळखत होतो.

जॉर्ज इलियटशी माझी पहिली गाठ, माझ्या पिढीतल्या बहुतेकांची पडली तशी, कॉलेजातच पडली. ‘सायलस मार्नर’ नेमलेले होते. विणकर, त्याच्या चोरीला गेलेल्या मोहरा, आणि त्यांच्या जागी चुलीपाशी सापडलेली सोनेरी केसांची पोर. गोष्ट आवडली, पण ती परीक्षेसाठी वाचली. प्राध्यापकांनी उतरवून दिलेल्या टिपणांखाली पोर आणि विणकर दोघेही गाडले गेले. ‘द मिल ऑन द फ्लॉस’ मात्र मी आपण होऊन वाचली. रद्दीच्या दुकानातून आणलेली प्रत होती, पहिली काही पाने नसलेली. विशी नुकतीच ओलांडली होती. ती संपवली त्या रात्री मी पुस्तक भिंतीवर फेकले होते हे कबूल करायला आता हरकत नाही. त्यामागे एक घरगुती कारण होते.

माझ्या आत्याने घरच्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केले होते. आजोबांनी दार बंद केले आणि आजोबा गेल्यावरही माझ्या वडिलांनी ते बंदच ठेवले. भाऊबीजेच्या दिवशी ते सकाळीच काहीतरी काम काढून बाहेर पडत आणि दिवेलागणीनंतर परतत. घरात कोणी काही विचारत नसे. आणि हे वडील दुष्ट होते म्हणावे, तर तसेही नाही. आजोबांनी करून ठेवलेले सावकारी कर्ज त्यांनी पै-पै करून फेडले होते, दोन भावांची शिक्षणे केली होती. कर्तव्याला इतका पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही. टॉम टलिव्हर नेमका असाच आहे. दिवाळे निघालेल्या बापाचे देणे तो पोरवयात कमरेला पदर खोचावा तसा उभा राहून फेडतो, आणि त्याच सरळ, कोरड्या न्यायाने बहिणीला घराबाहेर काढतो.

मेरी ॲनचा जन्म २२ नोव्हेंबर १८१९ चा. ननीटन गावाजवळच्या आर्बरी इस्टेटीवर तिचे वडील रॉबर्ट इव्हान्स कारभारी होते. सुतारकीपासून सुरुवात करून स्वतःच्या हिमतीवर चढलेला, मोजमापाला चोख, मतांनी सनातनी असा हा गृहस्थ. मेरी ॲन काही महिन्यांची असतानाच कुटुंब ग्रिफ नावाच्या घरी राहायला आले. लाल विटांचे घर, बाग, तळे, आणि जवळून कोळशाच्या नावा नेणारा कालवा. थोरली बहीण क्रिसी शांत आणि नीटनेटकी, आईची लाडकी. मेरी ॲन विस्कटलेल्या केसांची, हट्टी, आणि तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या आयझॅकच्या मागे सावलीसारखी फिरणारी. तो मासे धरायला निघाला की ही मागून. मग कधीतरी आयझॅकला एक तट्टू मिळाले आणि बहिणीची गरज संपली. पुढे साठ वर्षांची झाल्यावरही तिला ते तट्टू विसरता आले नाही.

‘मिल’चा पहिला अर्धा भाग म्हणजे हेच बालपण आहे. टॉम शाळेला गेला असताना त्याच्या सशांना खायला घालायचे मॅगी विसरते आणि ससे मरतात. तो परत येतो आणि तिला माफ करत नाही. माळ्यावर एक लाकडी बाहुली आहे, राग आला की मॅगी तिच्या डोक्यात खिळे ठोकते. केसांवरून सगळे बोलतात म्हणून एकदा स्वतःच कात्रीने केस कापून टाकते आणि मग आरशात बघून रडत बसते. लहान मुलीच्या मनातला अपमान इतक्या गंभीरपणे त्यापूर्वी कुणी लिहिला असेल असे मला वाटत नाही. तिच्याआधी शार्लट ब्राँटेने जेन एअरचे पोरकेपण लिहिले होते हे खरे. पण जेनचे शत्रू परके आहेत. मॅगीला दुखावणारा तिचा सर्वांत लाडका माणूस आहे.

१८३६ साली आई वारली. सोळा वर्षांच्या मेरी ॲनची शाळा सुटली आणि घर तिच्या अंगावर पडले. लोणी काढणे, चीज करणे, नोकरांवर लक्ष ठेवणे. आपला एक हात दुसऱ्यापेक्षा मोठा आहे तो या लोणी-चीज करण्यापायी, असे ती पुढे सांगत असे. मधल्या वेळात ती इटालियन आणि जर्मन शिकत होती. धर्माने तर तिला पुरतेच झपाटले होते. शाळेतल्या एका भाविक शिक्षिकेच्या प्रभावाखाली तिने छानछोकी वर्ज्य केली होती. कादंबऱ्या वाचणेसुद्धा या काळात तिला पाप वाटू लागले होते! पुढे जिच्या कादंबऱ्या इंग्लंडातली सुशिक्षित घरे वाचणार होती, ती मुलगी विसाव्या वर्षी कादंबरी हे विष आहे अशा अर्थाची पत्रे मैत्रिणीला लिहीत होती.

१८४१ मध्ये आयझॅकचे लग्न झाले. ग्रिफचे घर आणि वडिलांचा कारभार त्याच्याकडे आला, आणि वडील-लेक कॉव्हेंट्री शहराच्या कडेला फोल्सहिल येथे राहायला गेले. हेतू सरळ होता, मुलीला चार घरे दिसावीत आणि स्थळ मिळावे. स्थळाऐवजी तिला मिळाले चार्ल्स ब्रे आणि त्याची पत्नी कॅरा. फितींचा कारखाना असलेला हा स्वतंत्र बुद्धीचा माणूस आणि त्याच्या घरी चालणाऱ्या चर्चा. काही आठवड्यांतच, जानेवारी १८४२ मध्ये, तिने वडिलांना सांगितले की आपण चर्चला येणार नाही. ज्यावर विश्वास उरला नाही ते पाळण्याचे ढोंग करणार नाही.

वडिलांनी घर मोडायची तयारी केली. आयझॅकचे म्हणणे असे की तिच्यासाठी एवढा खर्च करून शहरात बिऱ्हाड थाटले आणि ही असल्या लोकांत मिसळून लग्नाची उरलीसुरली आशाही घालवते आहे. काही महिन्यांनी तडजोड झाली. तिने वडिलांबरोबर चर्चला जायचे, तिथे बसून मनात काय विचार करायचा तो तिने करावा. ही तडजोड मला फार महत्त्वाची वाटते. तिने मत बदलले नाही, पण एका म्हाताऱ्याचे मन दुखवून सिद्ध करण्याइतके ते मत तिला मोठे वाटेनासे झाले. पुढे सात वर्षे तिने वडिलांची शुश्रूषा केली. त्याच काळात येशूच्या चरित्राची कठोर चिकित्सा करणाऱ्या स्ट्राउसच्या जर्मन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पुरे केले. १८४६ साली ते तीन खंडांत निघाले. त्यावर तिचे नाव नव्हते आणि मोबदला मिळाला वीस पौंड. दिवसभर आजाऱ्याच्या उशाशी आणि रात्री स्ट्राउस!

मे १८४९ मध्ये वडील गेले. १८५१ पासून ती लंडनमध्ये, स्ट्रँडवरच्या जॉन चॅपमन या प्रकाशकाच्या घरी राहून ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’ चालवू लागली. संपादक म्हणून नाव चॅपमनचे, काम हिचे. चॅपमनच्या त्या घरात पत्नी आणि प्रेयसी एकत्र नांदत होत्या आणि त्यात ही तिसरी आल्यावर काय गोंधळ उडाला, ती हकिगत गमतीची असली तरी इथे लांबवण्यात अर्थ नाही. हर्बर्ट स्पेन्सरबद्दल मात्र सांगायला हवे. आगरकरांच्या पिढीने ज्याला मिलच्या बरोबरीने गुरुस्थानी मानले तो हा स्पेन्सर. १८५२ च्या उन्हाळ्यात मेरी ॲन त्याच्या प्रेमात पडली आणि तिने ते त्याला पत्राने स्पष्ट कळवले. निदान सहवास तरी द्यावा, अशी याचना केली. त्याने नकार दिला. तिचे रूप त्याला आड आले हे त्याने पुढे आडवळणाने मान्य केले. समाजाच्या उत्क्रांतीचे नियम शोधणारा हा तत्त्वज्ञ जन्मभर अविवाहित राहिला. त्याचे काही नुकसान झाले असे मला वाटते, तिचे नाही.

कारण मग जॉर्ज हेन्री लुईस आला. टीकाकार, गटेचा चरित्रकार, हौशी शास्त्रज्ञ, उत्तम नकलाकार. अंगाने किरकोळ, चेहऱ्यावर देवीचे व्रण. लंडनमध्ये त्याच्या कुरूपपणावर विनोद होत. त्याची पत्नी ॲग्नेस हिला त्याच्याच मित्रापासून मुले झाली होती आणि लुईसने उदारपणे पहिल्या मुलाला आपले नाव दिले होते. या उदारपणाची किंमत कायद्याने वसूल केली. व्यभिचार एकदा खपवून घेतला म्हणजे घटस्फोट मागण्याचा हक्क गेला. तेव्हा लग्न अशक्य होते. २० जुलै १८५४ रोजी दोघे जर्मनीला निघून गेले, आणि परत आल्यावर उघडपणे पती-पत्नी म्हणून राहू लागले.

लपवून केले असते तर लंडनने चालवून घेतले असते. चोरून चाललेली प्रकरणे त्या शहरात कमी नव्हती. हिने चोरायचे नाकारले. त्यामुळे पुढची काही वर्षे पुरुष तिच्याकडे जेवायला येत ते बायकोला घरी ठेवून, आणि तिला स्वतःला कुठल्याच घरी बोलावणे नसे. लुईसला मात्र सगळीकडे आमंत्रणे! भावाला तिने तीन वर्षे काही कळवले नव्हते. मे १८५७ मध्ये तिने आयझॅकला लिहिले की माझे उत्पन्न आता माझ्या पतीच्या बँकेतल्या खात्यात पाठवत जा. वडिलांनी तिच्या नावे ठेवलेल्या रकमेचे व्याज आयझॅकच्या हातून येत असे. उत्तर आले ते भावाकडून नाही, वकिलाकडून. लग्न कधी आणि कुठे झाले याची विचारणा होती. तिने खरे ते लिहिले. कायद्याने हे लग्न नाही, पण आम्ही ते पवित्र बंधन मानतो, असा आशय होता. त्यानंतर आयझॅक गप्प झाला आणि त्याच्या सांगण्यावरून बहिणींनीही पत्रे बंद केली.

इकडे लुईसच्या आग्रहाने, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तिने गोष्टी लिहायला घेतल्या होत्या. टोपणनावातला ‘जॉर्ज’ लुईसचा. ‘इलियट’ एवढ्यासाठी की ते तोंडभरून उच्चारता येते. नाव लपवायला कारण होते. ‘त्या’ बाईची पुस्तके कुठल्या सभ्य घरात गेली असती? पहिल्या गोष्टी वाचून लेखक पुरुष आहे यावर बहुतेकांचा विश्वास बसला. डिकन्सने मात्र लगेच ओळखले की हा हात बाईचा आहे. १८५९ च्या फेब्रुवारीत ‘ॲडम बीड’ निघाली आणि इतकी गाजली की ननीटनकडच्या लिगिन्स नावाच्या एका गृहस्थाला लेखक म्हणून उभे करण्यात आले, आणि त्या भल्या माणसाने ते नाकारलेही नाही. शेवटी तिला खरे सांगणे भाग पडले. आपल्याकडे १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाल्यावर विभावरी शिरूरकर कोण याचा जो शोध चालला होता तो इथे आठवतो. दोन्हीकडे लोकांना पुस्तकापेक्षा बाई हवी होती.

त्या सगळ्या गदारोळात ग्रिफच्या बाजूने आलेली एक वार्ता तिच्या कानांवर पडली. आयझॅकने ‘ॲडम बीड’ वाचली, आणि हे आपल्या बहिणीखेरीज कुणाला लिहिता येणार नाही, असे तो म्हणाला. त्याला त्यात वडील दिसले होते. ओळखले, पण लिहिले नाही. त्याच सुमारास थोरल्या क्रिसीचे पत्र आले. ती क्षयाने अंथरुणाला खिळली होती आणि आपण बहिणीशी पत्रव्यवहार तोडला याचा तिला पश्चात्ताप होत होता. मार्च १८५९ मध्ये ती गेली. भेट झाली नाही.

‘द मिल ऑन द फ्लॉस’ या दिवसांत लिहिली गेली. एप्रिल १८६० मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा ज्याच्यासाठी ती लिहिली असे वाटावे तो माणूस एका शब्दानेही उत्तर देणार नाही, हे तिला ठाऊक होते. तरी तिने टॉमला काय दिले ते पाहावे. लॅटिनच्या मास्तरांपुढे त्याची होणारी मानहानी, बाप कर्जात बुडाल्यावर पोराच्या खांद्यावर आलेले ओझे, आणि सगळे कर्ज फिटल्याच्या दिवशीचा अबोल अभिमान हे सगळे तिने त्याच्या बाजूला उभे राहून लिहिले आहे. विशीत मला हे दिसले नव्हते. मला दिसला होता तो मॅगीला दारातून परत पाठवणारा टॉम. स्टीफनबरोबर नावेतून वाहवत गेलेली मॅगी लग्न न करता, स्वतःच्या मनाशी झगडून परत येते. तिने पाप केलेले नाही, आणि टॉम तिला घरात घेत नाही. मग पूर येतो. मॅगी नाव वल्हवत भावाला वाचवायला जाते, दोघे एकमेकांना घट्ट धरून बुडतात.

पुस्तक फेकले होते ते या शेवटावर. ज्या बहिणीला घरात घ्यायला भावाला सुचले नाही, तिला मिठी मारायला त्याला मृत्यू लागावा? आणि लेखिकेने ते गोड करून सांगावे? अजूनही माझे या शेवटाशी भांडण आहे. बालपणात आपण इतके रमलो की शेवटाला हवी तेवढी तयारी करायला जागा उरली नाही, असे खुद्द तिनेच कबूल केले होते. पुरासाठी तिने भरपूर अभ्यास केला, जुन्या वार्षिकांतून पुरांची वर्णने उतरवली, लुईसबरोबर जाऊन ट्रेंट नदीकाठचे गेन्सबरो पाहून आली. कारण ग्रिफजवळ नदी नव्हती, होता तो नावांचा कालवा. त्याला पूर कुठून यावा? पण तिला पूर हवा होता. आज वाटते की चूक कलेची आहे, हाव मात्र खरी आहे. भाऊ ज्या जगात बोलत नाही ते जगच पाण्याखाली घालावे, असे तिला वाटले असणार.

पुढची वर्षे कीर्तीची. ‘सायलस मार्नर’ १८६१. फ्लॉरेन्सच्या इतिहासावरची ‘रोमोला’, जिच्यासाठी तिला सात हजार पौंड मिळाले. ती मी दोनदा सुरू केली आणि दोन्हीदा तिसऱ्या प्रकरणापाशी सोडली. विद्वत्ता कादंबरीला किती जड होऊ शकते याचा तो नमुना आहे. १८६९ साली, लुईसचा मधला मुलगा थॉर्नी मणक्याच्या क्षयाने घरी तळमळत असताना आणि ती त्याची सेवा करत असताना, तिने भाऊ-बहिणीवर अकरा सुनीतांची एक माला लिहिली. कालवा, मासे, पुढे चालणारा भाऊ. आयझॅकच्या अबोल्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती.

आणि मग ‘मिडलमार्च’, १८७१-७२. आठ भागांत निघालेल्या या कादंबरीवर लिहायचे तर दुसरा रविवार लागेल. पण एक गोष्ट सांगतो. डोरोथिया ही एकोणीस वर्षांची हुशार, ध्येयवेडी मुलगी कॅसोबन नावाच्या उतारवयाच्या शुष्क पंडिताशी लग्न करते. आपल्याला देवलांची ‘शारदा’ आठवणार. पण शारदेला बाप विकतो, ही मुलगी सगळ्यांचा विरोध असताना आपण होऊन जाते, त्याच्या ज्ञानाच्या मोहाने. ते ज्ञान पोकळ निघते. जगातल्या सर्व पुराणकथांची किल्ली शोधण्याचा त्याचा ग्रंथ कधीच पुरा होणार नाही, आणि हे त्यालाही आतून कळलेले आहे. पंचविशीत मी कॅसोबनचा मनसोक्त द्वेष केला. पन्नाशीत वाचताना त्या एका जागी थांबलो जिथे लेखिका डोरोथियाविषयी सांगता सांगता मध्येच स्वतःला अडवते, नेहमी हिचीच बाजू का म्हणून विचारते, आणि त्या म्हाताऱ्याच्या मनात शिरते. आत भीती आहे. लोक हसतील ही, बायको आपल्याला ओळखेल ही. माझ्याही कपाटात अर्धवट टिपणांच्या वह्या साचल्या होत्या. कॅसोबन कुणावरून घेतला, असे विचारल्यावर तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले, असे सांगतात.

टॉमला जे दिले तेच इथे कॅसोबनला मिळाले आहे. ज्याने दुखावले त्याच्या आत जाऊन बसायचे. ही सवय तिला ग्रिफमध्ये लागली असावी.

३० नोव्हेंबर १८७८ रोजी लुईस गेला. तिने स्वतःला कोंडून घेतले आणि त्याचा अर्धवट राहिलेला ग्रंथ पुरा करत बसली. त्याच्या नावाने केंब्रिजमध्ये शरीरशास्त्राची शिष्यवृत्ती ठेवली. ॲग्नेसला पैसे पाठवणेही चालू ठेवले. आणि मग ६ मे १८८० रोजी साऱ्या लंडनला चकित करत तिने जॉन क्रॉसशी लग्न केले. तो तिच्या पैशांचा व्यवहार पाहणारा स्नेही, वय चाळीस. ज्या बाईने अडतीस वर्षांपूर्वी चर्चला जायचे नाकारले तिचे हे लग्न हॅनोव्हर स्क्वेअरच्या प्रतिष्ठित चर्चमध्ये लागले, आणि कन्यादान केले ते लुईसच्या थोरल्या मुलाने. लुईसबरोबरच्या चोवीस वर्षांच्या निष्ठेला ज्यांनी नावे ठेवली, त्यांना वीस वर्षांनी लहान नवऱ्याशी झालेले हे लग्न हसू येण्याजोगे वाटले तरी निदान कायदेशीर वाटले. आयझॅकला तेवढे पुरे होते. त्याने पत्र लिहिले.

मला या पत्राचा राग येतो. तेवीस वर्षांत बहीण बदलली नव्हती, एक कागद बदलला होता. पण तिचे उत्तर वाचले की माझा राग माझ्यापाशीच राहतो. इटलीहून, मिलान मुक्कामी तिने लिहिले. पत्र आल्याचा आनंद आहे, आणि लहानपणापासूनचे प्रेम या शांततेने कधी तुटलेच नव्हते, असा त्याचा भाव. हिशेब नाही, टोमणा नाही. क्रिसीचे नाव काढायला ती मोकळी होती. तिने ते काढले नाही.

आमच्या घरी हे जरा वेगळे घडले. आई गेली तेव्हा आत्या आपण होऊन आली. सव्वीस वर्षांनी. दारात उभी राहिली. वडील म्हणाले, ‘बस.’ थोड्या वेळाने स्वयंपाकघरात येऊन त्यांनी स्वतः आधण ठेवले आणि तिला विचारले, ‘चहात साखर किती घालतेस आता?’ आत्याला मधुमेह होऊन दहा वर्षे झाली होती. ती म्हणाली, ‘दोन चमचे.’ आणि तो चहा ती प्याली.

मधुचंद्रासाठी जोडपे पुढे व्हेनिसला गेले. तिथे जूनमध्ये क्रॉसने मनाचा तोल जाऊन हॉटेलच्या सज्जातून मोठ्या कालव्यात उडी घेतली. नावाड्यांनी त्याला बाहेर काढले. तो बरा झाला, आणि पुढे तिचे चरित्र त्यानेच लिहिले, अतिशय सभ्य, बरेच काही गाळून. डिसेंबरच्या सुरुवातीला दोघे लंडनमध्ये चेनी वॉकवरच्या नव्या घरात राहायला आली. तीन आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबर १८८० रोजी, घसा धरण्यापासून सुरू झालेल्या आजाराने ती गेली. भावाचे पत्र येऊन सात महिने झाले होते. दोघांची भेट झालेली नव्हती.

वेस्टमिन्स्टर ॲबीत, कवींच्या कोपऱ्यात तिला जागा मिळावी म्हणून खटपट झाली. हक्सलीने, जो स्वतः नास्तिकांचा पुढारी मानला जाई, त्यानेच सांगितले की चर्चचे नियम जगताना झुगारायचे आणि मेल्यावर चर्चची जागा मागायची, हे जमणारे नाही. ॲबीत तिच्या नावाची शिळा बसायला १९८० साल उजाडले. २९ डिसेंबरला तिला हायगेटच्या स्मशानभूमीत, चर्चने पवित्र न केलेल्या भागात पुरण्यात आले. शेजारी लुईसची कबर होती. क्रॉस होता, लुईसचा मुलगा होता, स्पेन्सर, हक्सली, ब्राउनिंग होते. आणि वॉरविकशायरहून एवढा प्रवास करून आलेला चौसष्ट वर्षांचा आयझॅक इव्हान्स होता. ज्या माणसाचे नाव त्याने तेवीस वर्षे मानले नाही, त्याच्या कबरीलगत उभा राहून त्याने बहिणीला मातीत ठेवताना पाहिले.